दाराच्या मापाची गाडी

कारखाना सुरू झाला की भवानीनगरच्या चौकात सकाळपासून उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या रांगेच्या कडेकडेने एक तांबडी मोटारसायकल येते. पुढे एक चाक आणि मागे दोन. एरवी कुणाच्या बापाला वाट न देणारे ट्रॅक्टरवाले ती दिसली की निमूट बाजूला घेतात, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांच्या विहिरीवरची मोटार कधी ना कधी त्या गाडीवरच्या बाईच्या हाताखालून गेलेली असते. सुकन्या मारकड तिचं नाव. वय पस्तिशीच्या पुढचं, अंगाने किरकोळ, आणि आवाज असा की दुकानात बसून बोलली तरी समोरच्या चहावाल्याला कळतं की आज कुणाची खरडपट्टी चालली आहे.

जळलेल्या मोटारी भरून देणं हा तिचा धंदा. मोटारीच्या आतली जळकी तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार वेढ्यावर वेढा देत बसवायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. बसून करायचं काम आहे, हातांचं आणि नजरेचं. सुकन्याचा उजवा पाय लहानपणी वाळला. हात मात्र देवाने वेळ काढून घडवलेत. तिने भरलेली मोटार परत आली, असं फारसं कुणाच्या ऐकण्यात नाही, आणि आली तर सुकन्या आधी मोटार तपासते आणि मग मालकाला सुनावते.

पण तिच्या गाडीची गोष्ट सांगायची तर सुरुवात दारापासून करावी लागते.

तिचे वडील तात्याबा. त्यांच्या घराण्यात दार असं कधी नव्हतंच. मेंढरांमागे हिंडणारी माणसं ती. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोडीवर लादायचं, घाट उतरून कोकणात जायचं, लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची आणि पावसाच्या आधी परत यायचं. पालाला कसलं दार? सुकन्या जन्मली तीही अशीच वाटेवर. चालायला लागली तोवर ताप आला आणि उजवा पाय लुळा करून गेला. तेव्हापासून ती घोडीवर भांड्याकुंड्यांच्या आणि कोंबड्यांच्या मधोमध बसून हिंडली. घोडी थकली की तात्याबांच्या खांद्यावर. रस्ता म्हणून तिने जो काही पाहिला तो एवढ्या दोनच ठिकाणांवरून.

पोरीला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा तात्याबांनी मेंढरं विकली. भाऊबंदांनी वेड्यात काढलं. म्हातारे नाराज झाले. तात्याबा कुणाशी वाद घालत बसले नाहीत. कालव्याच्या पाण्याखाली थोडी जमीन होती, तिच्या कडेला दोन खोल्या बांधल्या. विटा साध्या, वर पत्रा, पण दाराची चौकट सागवानी पाहिजे म्हणून हट्टाला पेटले. बारामतीहून ती स्वतः आणली. बसवताना पाच सवाष्णी बोलावल्या, नारळ फोडला, गोजरबाईंनी, म्हणजे सुकन्याच्या आईने, उंबऱ्यावर हळदीकुंकू वाहिलं. पुढे कितीतरी दिवस तात्याबा उगाचच त्या दारात बसून असत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "या की, दार उघडंच हाय." दार उघडं आहे असं सांगायलाही आधी दार असावं लागतं, आणि ते सांगणारे त्यांच्या घराण्यातले ते पहिलेच.

सुकन्या शिकली, मोटारी भरायला शिकली, भवानीनगरला स्वतःचं दुकान टाकलं. घर ते दुकान अंतर तसं फार नाही, पण ज्याचा पाय चालत नाही त्याला कोपऱ्यावरचं दुकानही परगावच. धाकटा भाऊ युवराज तिला मोटारसायकलवर मागे बसवून सोडायचा. तो नसला तर शेजारचा कुणी, तोही नसला तर दुधाची गाडी. निघायचं कधी हे दुसऱ्याच्या हातात आणि परतायचं कधी हेही दुसऱ्याच्याच. आयुष्यभर तिला कुणीतरी नेत आलं होतं. ती स्वतः अशी कुठे गेलीच नव्हती.

मग कुणीतरी रामहरीचं नाव सांगितलं.

रामहरीचं वेल्डिंगचं दुकान बारामतीत, गावाबाहेर पडताना लागतं. साधी मोटारसायकल घ्यायची, मागचं चाक काढायचं, तिथे आडवा एक्सल टाकून दोन चाकं बसवायची, ब्रेक हाताशी आणायचा, आणि ज्याचा पाय चालत नाही त्याच्या हाती गाडी द्यायची. हे काम तो जीव ओतून करतो. आजवर त्याने दिलेल्या गाड्या इंदापूरपासून सोमेश्वरनगरपर्यंत फिरतात आणि त्याचा त्याला रास्त गर्व आहे. गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"दार किती हाय तुमचं?"

बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल. आमच्या भागात मात्र प्रश्न अगदी बरोबर आहे. आमच्याकडे गाडी रात्री घरात झोपते. बाहेर ठेवली तर सकाळी टाकीतलं पेट्रोल गेलेलं असतं, सीट कुत्र्यांनी फाडलेली असते. म्हणून पुढच्या खोलीत एका बाजूला माणसं आणि एका बाजूला मोटारसायकल, ही रीतच पडून गेली आहे. सुकन्याला तर त्याहून मोठं कारण होतं. गाडी खाटेशेजारी उभी असली की हात टेकून तिला थेट सीटवर बसता येणार होतं, आणि उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंटचा उतार केला की बसल्या जागेवरून सरळ रस्त्याला लागता येणार होतं. अंगण ओलांडायला कुणाचा खांदा नको.

रामहरी घरी आला. तात्याबांच्या सागवानी चौकटीला त्याने सुतळी लावली, दोन्ही बाजूंनी बोटभर सूट सोडली आणि सुतळीला गाठ मारली. ती झाली गाडीची रुंदी. तात्याबा कौतुकाने बघत होते. आपल्या दाराच्या मापाने काहीतरी घडतंय याचं त्यांना भारी अप्रूप.

गाडी आली तेव्हा आधी युवराजने ती ओढून घेतली. युवराज म्हणजे हात सोडून दुचाकी चालवणारा गडी. "थांब अक्का, दावतो तुला," म्हणून निघाला आणि पहिल्याच वळणाला सरळ उसात शिरला. त्याची चूक नव्हती. दुचाकी वळणाला आतल्या अंगाला झुकते आणि माणूस तिच्याबरोबर झुकतो. तीनचाकी झुकत नाही. ती ताठ राहते आणि वर बसलेल्याला बाहेरच्या बाजूला फेकते. तिला वळवायचं तर हँडल मुद्दाम फिरवावं लागतं, वेग वळणाच्या आधीच कमी करावा लागतो आणि स्वतःचं अंग आत टाकावं लागतं. दुचाकीत मुरलेल्या माणसाला हे जमता जमत नाही. सुकन्याला दुचाकी येतच नव्हती, त्यामुळे मोडायला सवय नव्हती. चार दिवसांत ती गाडीवर अशी बसू लागली की जणू घोडीनेच चाकं लावून घेतली आहेत. युवराज मात्र पुढे महिनाभर कुणी उसाचा विषय काढला की उठून जायचा.

ते दिवस सुकन्याच्या आयुष्यातले राजेशाही दिवस. पहाटे कुणाचा फोन आला की मोटार जळली, तर ती कुणाला न उठवता निघायची. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन मोटार बघायची, मागच्या कॅरिअरला बांधून दुकानात आणायची. येताना वाटेत थांबून उगाच पेरू घ्यायची. पेरू घरीही होते. थांबावंसं वाटलं आणि थांबता आलं, एवढ्यासाठी ती थांबायची.

आणि मग कालव्याच्या पुलावरचं ते वळण आलं.

पूल उतरला की रस्ता एकदम डावीकडे वळतो, काटकोनातच म्हणा. दुपारची वेळ. सुकन्या दुकानातून घरी निघाली होती, कॅरिअरला एक भरलेली मोटार बांधलेली. वळणाआधी तिने वेग कमी केला, नेहमीसारखा. वळण घेतलं आणि समोरून दोन ट्रेलर जोडलेला उसाचा ट्रॅक्टर आला. त्याने वळण ऐसपैस घेतलं, तिच्या बाजूपर्यंत आला. सुकन्याने हँडल आणखी डावीकडे ओढलं. डावं चाक हलकं झालेलं तिला बसल्या जागी कळलं. मग ते जमिनीवर नव्हतंच. गाडी सावकाश, अगदी सावकाश उजवीकडे कलली आणि तिला घेऊन आडवी झाली. ट्रॅक्टरवाल्याने जागच्या जागी थांबवलं म्हणून निभावलं.

गळ्याजवळचं हाड चिरलं. हात झोळीत गेला. हाड जुळतं हो, पण तिला उचलून बसवताना जमलेल्या माणसांत एकजण म्हणाला, "कशाला द्यायची अशा बाईला गाडी?" तो बोलून निघून गेला. सुकन्याच्या ते काळजात रुतून बसलं.

घरी तात्याबांनी निकाल दिला. रागाने नाही, भेदरून दिला.

"गाडी इकून टाकायची. इतकी वर्सं मी खांद्यावर घिऊन हिंडलो तुला. अजून मेलो न्हाय मी."

"मी सोडत जाईन की अक्काला," युवराज म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला.

झोळीतला हात घेऊन सुकन्या युवराजच्या मागे बसून दुकानात जाऊ लागली. हंगामाचे दिवस, युवराजला उसाच्या वाहतुकीचं काम. सकाळी लवकर सोडायचा, न्यायला जमेल तेव्हा यायचा. सगळा बाजार उठला, चहावाल्याने भांडी घासली, तरी ही शटर ओढून पायरीवर बसलेली. एका माणसाची पेरूची बाग वाळायला लागली होती. त्याची मोटार बघायला जायला हिला कुणी नेणारं सापडेना, आणि त्याने मोटार दुसरीकडे टाकली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. विचारलं तर म्हणाली, भूक नाही. मोटारी भरणं सुटलं नव्हतं, पाय नव्याने गेला होता. पहिल्यांदा गेला तेव्हा कळत नव्हतं, आता कळत होतं.

हात बरा झाला तशी ती तात्याबांना म्हणाली, "गाडी इकायचीच हाय तर रामहरीभाऊलाच इकू. त्येच्याकडं घिऊन चला."

तात्याबांना बरं वाटलं. पोर शहाणी झाली म्हणाले. पण आपली पोर ते ओळखून होते, म्हणून विक्री खरोखर होते की नाही हे बघायला स्वतः बरोबर निघाले. युवराजने गाडी ट्रेलरमध्ये घातली आणि तिघे बारामतीला आले.

रामहरीला गाडी पडल्याचं कळलं होतं, आणि तो आधीच फणफणलेला होता. स्वतःच्या मुलाची तक्रार घेऊन कुणी दारात यावं तसं त्याला झालं होतं.

"ताई, जोरात घेतली असंल तुमी."

"न्हाय घेतली."

"माझी गाडी आजपातूर पडली न्हाय."

"रामहरीभाऊ," सुकन्या म्हणाली, "जळकी मोटार आली की मी आधी शेतकऱ्याच्या नावानं खडं फोडत न्हाय. दिवा लावून बघती कुठं काय झालंय. तुमी बी बघा. मग माझीच चूक निघाली तर मी हितंच गाडी सोडून जाती."

रामहरीने वाळूचं एक पोतं आणून सीटवर बांधलं, सुकन्याच्या वजनाच्या अदमासाने. कॅरिअरला एक जुनी मोटार बांधली. गाडी डाव्या वळणाला उलटली होती, म्हणजे डावं चाक उचललं होतं. म्हणून त्याने डाव्या चाकाखाली एक वीट सरकवली. मग दुसरी. युवराज उजव्या बाजूने दोरी धरून उभा, गाडी कलंडली तर झेलायला. तिसरी वीट घातली तेव्हा गाडी कुरकुरली. चौथी घालताना रामहरीने नुसता हात लावला आणि गाडी आपल्या मनाने गेली. युवराजने दोरीला लोंबकळून धरली म्हणून राहिली.

रामहरी विटांकडे बघत उकिडवा बसून राहिला.

मग उठला. एका भंगारातल्या माल रिक्षाचा एक्सल पडलेला होता, आधीच्यापेक्षा चांगला हातभर लांब. तो कामचलाऊ बसवला. सीट खालच्या पट्टीवर घेतली. कॅरिअरवरची मोटार काढून दोन चाकांच्या मधे, जमिनीला जवळ, एका पत्र्यावर ठेवली. या सगळ्यात जेवायची वेळ टळून गेली. तात्याबा एका टायरवर बसून बघत होते. पुन्हा विटा सुरू झाल्या. चौथी गेली, गाडी तशीच. पाचवी, सहावी. सातवी घातली तेव्हा कुठे ती कुरकुरली. युवराजच्या हातातली दोरी ढिली ती ढिलीच राहिली.

रामहरीने कपाळावरचा घाम पुसला.

"ताई, चूक तुमची न्हाय," तो म्हणाला. "माझी हाय. आमी दार बघितलं, वळण बघितलंच न्हाय. समद्या गाड्या मी दाराच्या मापानं केल्या. अरुंद झाली म्हंजी उभी ऱ्हाती, पर वळती कुठं? आता ज्येंना ज्येंना दिल्यात त्येंना बोलवून घेतो एकेकाला."

हे कबूल करायला छाती लागते. ती रामहरीकडे होती, आणि तेवढ्यासाठी तरी त्याचं नाव घ्यावं.

सुकन्याचा चेहरा फुलला होता. तिचा हात चुकला नव्हता, हे तिला कळायला हवं होतं ते कळलं. पण पुढच्याच क्षणाला तिच्या लक्षात आलं, आणि ते तिथे सगळ्यांच्याच लक्षात आलं. एवढी रुंद गाडी दारातून आत जाणार नव्हती.

"अंगणात लावू," ती म्हणाली.

"आन् तुला अंगणातून गाडीपातूर कोण आणणार?" युवराजने विचारलं. "पावसाळ्यात तर चिखूल असतो नुसता."

"बघू की."

'बघू की' याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना ठाऊक होता. दररोज कुणाची तरी वाट बघायची, एवढाच.

तात्याबा टायरवरून उठले. "रामहरी, रुंद केली तर पडणार न्हाय का ही?"

"पडणारच न्हाय असं मी म्हणणार न्हाय, तात्या. मस्तीत घेतली तर कुठली बी गाडी पडंल. पर ताईंनी घेतली तशी नीट घेतली, तर पुलाच्या वळणाला चाक उचलणार न्हाय. हे मी माझ्या हातानं बघितलं."

"मग कर रुंद," तात्याबा म्हणाले.

परतताना ते ट्रॅक्टरवर अवाक्षर बोलले नाहीत. काटेवाडी मागे पडली, संसर मागे पडलं, तरी नाही. सुकन्याला वाटलं, मनातून अजून गाडी नकोच आहे त्यांना.

दुसऱ्या दिवशी ती उठली ती ठोक्यांच्या आवाजाने. तात्याबा पहार घेऊन दाराच्या कडेची भिंत फोडत होते. गोजरबाई बाजूला उभ्या होत्या, हातात हळदीकुंकवाची वाटी. त्यांनी आधी चौकटीला कुंकू लावलं होतं, उंबऱ्यावर डोकं टेकलं होतं, आणि मग नवऱ्याला म्हणाल्या होत्या, "हं, घ्या आता."

सुकन्या खाटेवरून सरकत भिंतीला धरून पुढे आली. "तात्या, काय करताय? चौकट नका काढू. मी लावती गाडी भायेर. माझं काय आडलंय?"

तात्याबांनी पहार खाली ठेवली नाही. नुसते वळले.

"हे दार मी कशापायी बसवलं व्हतं? तुला शाळंत जाता यावं म्हणून मेंढरं इकली. मेंढरं इकली म्हणून घर बांधलं, घर बांधलं म्हणून दार आलं. आन् आता त्याच दारापायी तू घरात बसणार व्हय? मग पालच बरं व्हतं की आपलं."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा पहार मारली. सुकन्या रडली. घरात कुणी तिला रडताना फारसं पाहिलेलं नव्हतं, म्हणून गोजरबाई आधी घाबरल्या आणि मग स्वतःही रडायला लागल्या. तात्याबा काही रडले नाहीत. त्यांना चौकट न चिरता बाहेर काढायची होती आणि तिकडे लक्ष देणं भाग होतं. आणि खरंच, अख्खी चौकट सहीसलामत निघाली. आता ती शेळ्यांच्या गोठ्याला बसवलेली आहे. गावात एवढी देखणी चौकट दुसऱ्या कुणाच्या शेळ्यांना नाही.

दार तयार होईपर्यंत त्या भल्या मोठ्या भगदाडावर ताडपत्री लावलेली होती. येणारेजाणारे थट्टा करायचे, "तात्या, परत पाल ठोकलं का वं?" तात्याबाही हसायचे. मग रामहरी टेम्पो घेऊन आला. त्यात दोन झडपांचं लोखंडी दार होतं, त्याने स्वतः घडवलेलं, आणि सोबत रुंद झालेली तांबडी गाडी. आधी त्याने गाडी आत नेली, मग दार बसवलं. सुतळी या वेळी त्याने गाडीला लावली होती, आणि दार तिच्या मापाने केलं होतं. दिसायला दार गोदामाचं शोभेल असं झालं. दोन खोल्यांच्या घराला ते मुळीच शोभत नाही, आणि ते झाकायचा कुणी प्रयत्नही केला नाही.

आरटीओचं पासिंग पुन्हा झालं आणि पहिल्या फेरीला तात्याबा हट्टाने मागे बसले. "पडायचं असलं तर दोघं बी पडू," म्हणाले. गोजरबाईंना हा विनोद अजिबात आवडला नाही.

गाडी पुलावर चढली. ऊस घेऊन आलेले ट्रॅक्टर नेहमीप्रमाणे रांगेत. सुकन्याचे हात ठाम होते. पूल उतरायच्या आधीच तिने वेग कमी केला, वळणात ब्रेकला हात लावला नाही, डावा खांदा आत टाकला. मागे तात्याबा भीतीने उजवीकडे कलले, उलट्या बाजूला.

"तात्या, डाव्या अंगाला या. माझ्यासंगं."

तात्याबा आले. आयुष्यभर ज्या पोरीला पाठीवर घेऊन चालले होते, तिच्या पाठीला त्यांनी छाती टेकवली आणि ती जिकडे झुकली तिकडे झुकले. गाडीची तिन्ही चाकं रस्ता धरून राहिली. वळण संपलं तरी तात्याबा तसेच झुकलेले.

"झालं तात्या. सरळ बसा."

तात्याबा सरळ बसले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी तिच्या खांद्यावर थाप मारली. "परत घे की एकदा."

मग त्या दिवशी बापलेकीने ते वळण किती वेळा घेतलं याला हिशेब नाही. उसाचे ट्रॅक्टर खोळंबले. एकाने हॉर्न वाजवायला हात नेला आणि ओळखीची गाडी बघून काढून घेतला. शेवटी शेवटी तर तात्याबा वळण यायच्या आधीच डावीकडे झुकून तयार असत, आणि सुकन्याला हसू आवरेना.

यंदा युवराजची सोयरीक ठरायच्या बेतात आहे. मुलगी वडगाव निंबाळकरची. तिकडची मंडळी घर बघायला आली, तिच्या चुलत्याला घेऊन. हे जयवंताआबा म्हणजे सोयरिकीत नाक खुपसून उणं काढणारे म्हणून पंचक्रोशीत नावाजलेले. सतरंजीवर पाहुणे बसले, पोहे आले. आबांची नजर त्या लोखंडी दारावरून हलेना. एका बाजूला तांबडी तीनचाकी उभी, तिच्याकडेही ते मधूनमधून बघत. शेवटी राहवलं नाही.

"तात्याबा, घर बरं हाय. पर एवढुश्या घराला हे असलं दार? कशापायी बसवलं?"

युवराजने मान खाली घातली. गोजरबाई आतून दाराशी येऊन थांबल्या. तात्याबांनी पोह्यांची बशी सावकाश खाली ठेवली.

"पाहुणं," ते म्हणाले, "ह्या घरातलं कर्तं माणूस ह्या दारातनं कामाला जातं. त्येच्या मापाचं दार हाय."

आबांनी युवराजकडे पाहिलं. तात्याबांनी मान हलवली, ह्यो न्हाय म्हणून.

तेवढ्यात आतल्या खोलीत सुकन्याचा फोन वाजला. कुणाची तरी मोटार बंद पडली होती, भाजीचा वाफा पाण्याला आला होता. ती भिंतीला धरत बाहेर आली, सगळ्यांना नमस्कार केला, गाडीवर बसली आणि चावी फिरवली. जयवंताआबांसकट सगळ्या पाहुण्यांना सतरंजी गुंडाळून उठावं लागलं, पाठ भिंतीला लावून उभं राहावं लागलं, आणि मग गाडी बाहेर गेली.